पिशवीतली अळी, चुरगळलेले पंख: मधमाश्यांचे विषाणू समजून घेताना

२०२५च्या जानेवारीत, कॅलिफोर्नियातील बदामाच्या बागा फुलण्याच्या तोंडावर, अमेरिकेतील मधपाळांनी आपल्या पेट्या उघडल्या, तेव्हा त्यांतल्या कितीतरी पेट्या ओस पडलेल्या निघाल्या. त्या हिवाळ्यात तेथील व्यावसायिक मधपाळांच्या सरासरी ६० टक्क्यांहून अधिक वसाहती नष्ट झाल्याचे पाहणीत आढळले. काही महिन्यांनी तेथील कृषी विभागाच्या संशोधकांनी मेलेल्या आणि मरणपंथाला लागलेल्या वसाहतींतील नमुने तपासून सांगितले की, त्यांत विषाणूंचे प्रमाण फार मोठे होते. अशी बातमी वाचली की साधा प्रश्न पडतो: मधमाशीलाही विषाणू होतो? आणि होत असेल, तर एवढ्या थोड्या दिवसांत एवढा संहार कसा होतो?

हा प्रश्न आपल्यासाठी दूरच्या देशाचा नाही. सह्याद्रीच्या कड्याकपारीत आणि मधपेट्यांत राहणाऱ्या आपल्या सातेरी मधमाशीच्या जातीने विषाणूच्या साथीचा याहून भयंकर फटका सोसलेला आहे. फक्त त्या वेळी त्याची बातमी गावाबाहेर फारशी गेली नाही. हे दोन्ही संहार शेजारी ठेवून पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. मधमाश्यांचे बहुतेक विषाणू त्यांच्याबरोबर फार काळ राहत आलेले आहेत, आणि त्यांचे उपद्रवमूल्य बव्हंशी ते माशीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतात यावर ठरते. पुढचे सगळे विवेचन या वाटांभोवतीच फिरणार आहे.

विषाणू म्हणजे काय, एवढे आधी

विषाणू हा स्वतःहून वाढू न शकणारा, सूचनांचा एक गुंडाळलेला कागद आहे असे समजावे. त्या कागदावर स्वतःच्या प्रती कशा काढाव्यात एवढेच लिहिलेले असते. छापखाना मात्र त्याच्याजवळ नसतो. जिवंत पेशीत शिरला की तो तिचा छापखाना वापरून स्वतःच्या लाखो प्रती काढतो. मधमाशीच्या महत्त्वाच्या विषाणूंपैकी जवळजवळ सर्वांचा हा कागद आरएनए नावाच्या रेणूचा बनलेला असतो. आरएनएची नक्कल करताना चुका जास्त होतात, त्यामुळे असे विषाणू भराभर बदलतात. ‘व्हेरियंट’ हा शब्द करोनाच्या वर्षांनी आपल्या घराघरांत पोहोचवला आहे. मधमाश्यांच्या विषाणूंतही असेच उपप्रकार असतात, आणि पुढे त्यांना महत्त्व येणार आहे.

या विषाणूंचा रीतसर अभ्यास तसा अलीकडचा आहे. अळ्यांचा एक रोग जिवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होणाऱ्या घटकामुळे होतो, हे अमेरिकेतील जी. एफ. व्हाइट यांनी १९१०च्या दशकात दाखवले आणि त्या रोगाला ‘सॅकब्रूड’ हे नाव दिले. मधमाश्यांचे विषाणू वेगळे काढून त्यांची नीट ओळख पटवण्याचे काम मात्र १९६०च्या दशकात इंग्लंडमधील रॉदॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात लेस्ली बेली यांनी सुरू केले. आज असे वीसहून अधिक विषाणू माहीत आहेत. त्यांतल्या एकाचे नावच ‘काश्मीर बी व्हायरस’ आहे, कारण तो १९७०च्या दशकात काश्मीरमधील मधमाश्यांच्या नमुन्यांत प्रथम सापडला.

एका ताटात जेवणारे घर

मधमाश्यांची वसाहत ही रोगप्रसाराच्या दृष्टीने अत्यंत सोयीची जागा आहे. हजारो बहिणी एका अंधाऱ्या, उबदार खोलीत अंगाला अंग लावून राहतात. पोळ्यावर परतलेली माशी पोटातल्या खास पिशवीतून आणलेला मकरंद दुसरीच्या तोंडात देते, दुसरी तिसरीच्या, आणि थोड्याच वेळात एका फुलावरचा थेंब शेकडो माश्यांत वाटला जातो. तरुण कामकरी माश्या डोक्यातील ग्रंथींतून पाझरणारे अन्न अळ्यांना भरवतात. राणीलाही त्याच भरवतात. अख्खे गाव रोज एकाच ताटात जेवत असेल तर सर्दी किती लवकर पसरेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

तरीही मोहोळे लाखो वर्षे टिकली आहेत, कारण तोंडावाटे आलेल्या विषाणूला माशीच्या पोटातच पुष्कळसा अटकाव होतो. माशीचे शरीर जुन्या वाड्यासारखे आहे. दिंडी दरवाजातून येणाऱ्याला देवडीवरचे पहारेकरी हटकतात, ओसरीवर थांबवतात, आणि माजघरापर्यंत फार थोडे जण पोहोचतात. आतड्याचे अस्तर हीच ती देवडी. त्यामुळे धडधाकट दिसणाऱ्या असंख्य वसाहतींत विषाणू अल्प प्रमाणात सापडतो आणि काहीच घडत नाही. ‘विषाणू सापडला’ आणि ‘रोग झाला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. बातम्यांत ती नेहमी एकमेकांत मिसळतात, आणि तिथेच वाचकाची पहिली फसगत होते.

पिशवीत मेलेली अळी

सातेरीच्या पेटीत मधपाळाला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती सॅकब्रूडची. नावाचा शब्दशः अर्थ पिशवीतले पिल्लू, आणि रोगाचे रूपही तसेच आहे. पोळ्याच्या घरात वाढलेली अळी शेवटी लांब होऊन ताणून पडते, कामकरी माश्या तिच्या घरावर मेणाचे झाकण घालतात, आणि आत ती कात टाकून कोषावस्थेत जाते. सॅकब्रूडच्या विषाणूने बाधित अळीला ही शेवटची कात टाकताच येत नाही. कात आणि शरीर यांच्यामध्ये पाणी साचते. अशी अळी चिमट्याने डोक्याकडून उचलली तर पाण्याने भरलेल्या छोट्या पिशवीसारखी लोंबते. तिचा मोतिया पांढरा रंग आधी पिवळसर, मग तपकिरी होतो, डोके सर्वांत आधी काळवंडते, आणि शेवटी नावेच्या आकाराची एक सुकी खपली घराच्या तळाशी उरते. मधपाळ चौकट वर उचलतो तेव्हा त्याला सलग झाकलेल्या घरांऐवजी मध्ये मध्ये भोके पडलेली झाकणे आणि त्यांतून वर तोंड करून पडलेल्या मेलेल्या अळ्या दिसतात.

पुढे जे घडते ते मला या रोगातले सर्वांत क्रूर वाटते. मेलेली अळी बाहेर काढणे हा मधमाशीचा चांगला गुण आहे. घर स्वच्छ ठेवण्याची ती तिची रीत आहे. पण काढताना पिशवी फुटते आणि आतले पाणी सफाई करणाऱ्या तरुण माशीच्या तोंडात जाते. त्या पाण्यात विषाणू ठासून भरलेला असतो: एका मेलेल्या अळीत हजारावर वसाहतींतील अळ्यांना पुरेल इतका. मग तो माशीच्या डोक्यातील, अळ्यांसाठी अन्न तयार करणाऱ्या ग्रंथींत साठतो, आणि ती पुढच्या अळ्यांना भरवते तेव्हा अन्नाबरोबर रोगही भरवते. यावर निसर्गाचा एक उतारा आहे. बाधित माशी अळ्यांना भरवण्याचे काम लवकर सोडते आणि वयाच्या मानाने लवकर बाहेर चरायला जाऊ लागते, त्यामुळे साखळी काही अंशी तुटते. जगभर पेट्यांत पाळल्या जाणाऱ्या युरोपियन मधमाशीत या सवयीमुळे सॅकब्रूड बहुधा हंगामी कटकट ठरते आणि फुलोरा वाढला की आपोआप ओसरते.

सातेरीच्या वाट्याला आलेला उपप्रकार मात्र निराळा आणि घातक आहे. १९७६मध्ये थायलंडमधील आशियाई मधमाश्यांत (सातेरी याच जातीची) तो प्रथम आढळला, म्हणून त्याला थाई सॅकब्रूड म्हणतात. भारतात त्याची पहिली नोंद १९७८मध्ये मेघालयात झाली. तेथून तो हिमालयाच्या पायथ्याने पश्चिमेकडे सरकला, आणि १९९१-९२मध्ये दक्षिण भारतात पोहोचला तेव्हा तेथील सातेरीच्या ९० टक्क्यांहून अधिक वसाहती नाहीशा झाल्या. केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकात परसदारी चार-दहा पेट्या ठेवून संसाराला हातभार लावणाऱ्या कुटुंबांचे ते उत्पन्न एक-दोन वर्षांत बुडाले. नवी पिढी जन्मत नाही आणि जुनी मरत जाते, तेव्हा वसाहत झडत जाते. उरलेल्या माश्या पुष्कळदा पेटी सोडून उडून जातात आणि विषाणूही सोबत नेतात.

हवाई बेटांवर काय घडले

दुसरा विषाणू माशीचे पंख बिघडवतो, म्हणून त्याला ‘डिफॉर्म्ड विंग व्हायरस’ म्हणतात. आपण त्याला पंखविकृतीचा विषाणू म्हणू. बाधित माशी कोषातून बाहेर येते ती चुरगळलेल्या कागदासारखे पंख आणि आखूड, फुगीर पोट घेऊन. तिला उडता येत नाही, आणि दोनेक दिवसांत ती मरते. सौम्य बाधा झालेल्या माश्या वरून धडधाकट दिसतात, पण त्यांचे आयुष्य घटते. थंड प्रदेशात हिवाळाभर जगून वसंतात वसाहत पुन्हा उभी करण्याचे काम ज्या माश्यांवर असते, त्याच अकाली गेल्या की पेटी ओस पडते.

हा विषाणूही जुनाच. मग तो एकाएकी मारक का झाला? याचे उत्तर व्हॅरोआ या तांबूस, चपट्या, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीच्या परजीवी कोळ्यात आहे. आकाराचे प्रमाण पाहिले, तर माणसाच्या अंगाला ताटलीएवढी गोचीड चिकटावी तसा तो माशीला चिकटतो. मुळात तो आपल्या आशियाई मधमाशीचा सोबती. सातेरीच्या कुळात तो मुख्यतः नर माश्यांच्या कोषांतच वाढतो, शिवाय माश्या एकमेकींच्या अंगावरून त्याला वेचून काढतात, त्यामुळे त्याचा उपद्रव मर्यादेत राहतो. विसाव्या शतकात माणसाने युरोपियन मधमाशीच्या पेट्या आशियात आणल्या, दोन्ही जाती शेजारी आल्या, आणि व्हॅरोआने नवे घर गाठले. या नव्या यजमानाला त्याच्याशी कसे वागावे हे माहीत नव्हते. तेथे तो कामकरी माश्यांच्या कोषांतही वाढू लागला आणि पेट्यांच्या ने-आणीबरोबर जगभर गेला.

व्हॅरोआ माशीच्या शरीरातील मेदपिंड खातो. मेदपिंड हा माशीचा यकृतासारखा अवयव. अन्नाचा साठा आणि रोगाशी लढण्याची ताकद दोन्ही त्यावर अवलंबून. म्हणजे व्हॅरोआ एकीकडे पहारेकऱ्यांची रसद तोडतो आणि दुसरीकडे विषाणूला दिंडी दरवाजा टाळून थेट माजघरात नेतो. वाड्याला मागच्या भिंतीत खिंडार पडावे तसा हा प्रकार आहे. एकच सुई सर्वांना टोचत फिरणाऱ्या वैद्यासारखा तो एका कोषातून दुसऱ्या कोषात विषाणू पोहोचवतो.

हे अनुमान राहू नये, त्याचा पुरावा मिळावा, अशी संधी हवाई बेटांनी दिली. तेथे व्हॅरोआ २००७मध्ये ओआहू बेटावर आणि २००८मध्ये हवाईच्या मोठ्या बेटावर पोहोचला. काउआई आणि माउई ही बेटे मात्र त्यापासून मुक्त होती. एकच हवामान, एकाच जातीच्या मधमाश्या, पण निम्म्या बेटांवर कोळी आणि निम्म्यांवर नाही. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की व्हॅरोआ नसलेल्या ठिकाणी पंखविकृतीचा विषाणू सुमारे १० टक्के वसाहतींत होता, आणि व्हॅरोआ पसरलेल्या ठिकाणी तो १०० टक्क्यांपर्यंत गेला. बाधित माशीतील विषाणूचे प्रमाण दहा लाख पटींनी वाढले. सर्वांत विलक्षण भाग असा की, आधी विषाणूचे अनेक उपप्रकार एकत्र नांदत होते. कोळी आल्यावर त्यांतले बहुतेक मागे पडले आणि एकाच उपप्रकाराचे राज्य झाले. नवी वाट ज्याला सर्वांत सोयीची, तोच माजला.

याच आरशात अमेरिकेची २०२५ची बातमी पाहावी. तपासलेल्या नमुन्यांत पंखविकृतीच्या विषाणूचे दोन उपप्रकार आणि माश्यांना लुळे पाडणारा आणखी एक विषाणू मोठ्या प्रमाणात मिळाला. त्याचबरोबर तपासलेल्या व्हॅरोआंमध्ये, त्यांना मारण्यासाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या अमिट्राझ या औषधाला न जुमानण्याची आनुवंशिक खूण आढळली. कोळी मरेनासा झाला आणि वाट पुन्हा मोकळी झाली, असा त्याचा सरळ अर्थ लावता येतो. शिवाय बदामाच्या हंगामात परागीभवनासाठी देशभरातील पेट्या एका खोऱ्यात गोळा होतात. जत्रेत गोवर पसरावा तशी तेथे रोगांची देवाणघेवाण होते.

कीटकनाशके हे खरे कारण नाही का?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. फुलोऱ्यात फवारलेले कीटकनाशक मधमाश्यांना थेट मारते, हे आपल्याकडील कोणताही मधपाळ सांगेल. पण अल्प मात्रेतील विष आणि विषाणू यांचे नाते अधिक गुंतागुंतीचे आहे. इटलीतील संशोधकांनी २०१३मध्ये दाखवले की निओनिकोटिनॉइड गटातील क्लोथियानिडिन या कीटकनाशकामुळे माशीची प्रतिकारशक्ती दबते आणि तिच्यात आधीपासून असलेला पंखविकृतीचा विषाणू वाढू लागतो. म्हणून ‘विष की विषाणू’ असा निवाडा मागणे मला चुकीचे वाटते. उपासमार, विष, कोळी आणि विषाणू एकाच माशीवर एका वेळी येतात, आणि शेवटचा घाव कोणाचा एवढेच प्रयोगशाळा सांगू शकते.

मग औषध का देत नाहीत?

कारण विषाणूंवर चालणारे औषध मधपाळाच्या हाती नाही. प्रतिजैविके जिवाणूंना मारतात. विषाणूवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. तरीही साखरेच्या पाकात प्रतिजैविक कालवून घालण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्याचा परिणाम एवढाच होतो की पैसे जातात, माशीच्या आतड्यातील उपयोगी जिवाणू मरतात आणि मधात औषधाचा अंश उतरतो.

‘मधमाश्यांची लस आली’ अशी बातमी २०२३च्या जानेवारीत झळकली होती, ती खरी आहे. पण ती लस अमेरिकन फाउलब्रूड या जिवाणूजन्य रोगावरची आहे. तिची रीत मात्र समजून घेण्यासारखी आहे. लस घातलेले खाद्य कामकरी माश्या खातात, त्यांनी भरवलेल्या अन्नातून ती राणीच्या पोटात जाते, आणि राणीच्या अंड्यांतून पुढच्या अळ्यांना संरक्षण मिळते. विषाणूंच्या बाबतीत, त्यांच्याच आरएनएच्या नकलेचे तुकडे माश्यांना खाऊ घालून त्यांची वाढ रोखण्याचे प्रयोग झालेले आहेत आणि काही उत्साहवर्धक आहेत. गावातल्या पेटीपर्यंत ते अजून पोहोचलेले नाहीत.

हाती उरते ते साखळी तोडणे. युरोपियन माशीच्या पेटीत ते काम म्हणजे व्हॅरोआची नियमित मोजणी आणि वेळेवर बंदोबस्त, तोही औषधे आलटून पालटून. सातेरीच्या पेटीत सॅकब्रूड दिसला, तर बाधित चौकटी काढून नष्ट कराव्यात, त्या पेटीतले पोळे किंवा माश्या दुसऱ्या पेटीत घालू नयेत, हत्यारे आणि हात धुतल्याशिवाय पुढची पेटी उघडू नये, वसाहत दाट राहावी म्हणून पोळ्यांची संख्या माश्यांच्या मानाने कमी करावी आणि फुलोरा नसलेल्या दिवसांत खाद्य द्यावे. राणीला काही दिवस जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणे थांबवले, किंवा जुनी राणी काढून वसाहतीला नवी घडवू दिली, तर अळ्या नसलेला एक मोकळा काळ मिळतो. भरवायला अळ्याच नसल्या की विषाणूचा रस्ता तिथे खुंटतो. यातले काहीही दुकानात मिळत नाही, सगळे कष्टाचे आहे.

सातेरीऐवजी युरोपियन माशीच का ठेवू नये?

१९६०च्या दशकात पंजाबात युरोपियन मधमाशी यशस्वीपणे रुजली आणि आज उत्तर भारतातील बहुतेक मध तीच देते. महाराष्ट्रातही डाळिंबाच्या बागांत आणि कांद्याच्या बीजोत्पादनात परागीभवनासाठी तिच्या पेट्या भाड्याने नेल्या जातात. थाई सॅकब्रूडने सातेरी बुडाल्यावर दक्षिणेतील अनेकांनी हाच पर्याय निवडला, आणि पोटाचा प्रश्न असताना त्यांना दोष देता येणार नाही.

पण पर्याय म्हणून तो अपुरा आहे. एक तर ती माशी व्हॅरोआ आणि पंखविकृतीच्या विषाणूपुढे सातेरीहून दुबळी आहे. दुसरे म्हणजे सह्याद्रीतील जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी यांच्या फुलोऱ्यावर, उतारावरच्या जंगलात, पावसाळ्याच्या लांब उपासात टिकून राहणारी माशी सातेरीच आहे. महाबळेश्वरचे मध संचालनालय १९४६पासून आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२पासून जे काम करत आली, त्याच्या मुळाशी हीच देशी माशी होती. २०२२मध्ये मधाचे गाव म्हणून पुढे आलेल्या, महाबळेश्वरजवळच्या मांघरसारख्या गावाचा आधारही तीच. शिवाय दोन जाती दाटीने शेजारी ठेवल्या की रोगांना उडी मारायला जागा मिळते, हे व्हॅरोआने आपल्याला शिकवले आहे. ब्रिटनमधील अभ्यासात तर पंखविकृतीचा विषाणू मधमाश्यांकडून रानातल्या भुंगेमाश्यांकडेही जात असल्याचे दिसले आहे, म्हणजे पेटीतला रोग पेटीतच राहत नाही.

मध खाणाऱ्याला मात्र या विषाणूंपासून काही बाधत नाही. हे विषाणू कीटकांच्या पेशींसाठी घडलेले आहेत. माणसाला त्यांची लागण होत नाही. पण परक्या ठिकाणचा मध माश्यांना खाद्य म्हणून कधीही घालू नये, कारण त्यांच्यासाठी तो आजाऱ्याच्या उष्ट्या पेल्यासारखा असू शकतो.

वाचलेल्या वसाहती

१९९१-९२च्या साथीनंतर दक्षिणेत सातेरी संपली नाही. पेट्यांत आणि रानातल्या झाडांच्या ढोलींत ज्या थोड्या वसाहती तग धरून राहिल्या, त्यांच्यापासून पुन्हा नव्या वसाहती वाढल्या, आणि पुढच्या काळात रोग येत राहिला तरी पहिल्यासारखा सार्वत्रिक नाश झाला नाही. कोरियात २०१०च्या सुमारास अशाच साथीने तेथील आशियाई मधमाश्यांचा मोठा भाग गिळला. तेथील शासकीय संशोधकांनी टिकलेल्या वसाहतींतून निवड करत रोगाला तोंड देणारा वाण तयार केला. कोणत्या माश्या बाधित अळी लवकर ओळखून, झाकण घालण्यापूर्वी, पिशवी तयार होण्याआधीच बाहेर काढतात, हे पाहणे हा अशा निवडीचा एक मार्ग आहे. तोच सफाईचा गुण, दोन-तीन दिवस आधी वापरला गेला, तर रोग पसरवण्याऐवजी थांबवतो.

म्हणून सातेरी पाळणाऱ्याने एक वही ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. कोणत्या पेटीत रोग दिसला, किती चौकटींवर, किती दिवसांत ओसरला आणि शेजारची पेटी त्या काळात कशी होती, एवढे चार रकाने पुरेत. पुढच्या हंगामात वसाहतीचे विभाजन करायची वेळ येते, तेव्हा बहुतेक जण सर्वांत जास्त मध देणारी पेटी निवडतात. त्या वहीत एखादी मध्यम मध देणारी, पण साथीत एकही भोक पडलेले झाकण न दिसलेली पेटी नोंदलेली असेल, तर नव्या राण्या तिच्यापासून घ्याव्यात.